तिन्हीसांजेचा जबाब

घराबाहेर कायमचे दिवे बसवून घ्यावेत, असे माझ्या चिरंजीवांच्या मनात आले आहे. पुण्याहून तो मोबाइलवर चित्रे पाठवतो. पागोळीच्या कडेने ओळीने लावायचे दिवे, गेटच्या खांबावरचे दिवे, पायरीत बसवायचे दिवे. संध्याकाळ झाली की हे दिवे आपोआप लागतात आणि उजाडले की आपोआप विझतात, असे तो कौतुकाने सांगतो. मी संबंधित कंपनीला रीतसर पत्र लिहून विचारले की, आपली हमी समुद्राच्या खाऱ्या हवेस लागू आहे किंवा कसे. ‘साधारण हवामानात लागू’ असे उत्तर आले. ‘साधारण’ या शब्दाची व्याख्या आपण कोठे केली आहे, अशी पृच्छा करणारे दुसरे पत्र मी पाठवले आहे आणि त्यास अद्याप उत्तर नाही. या वयात असली पत्रे लिहू नयेत, रक्तदाब वाढतो, असे सूनबाई म्हणतात. माझा रक्तदाब उत्तरे न आल्याने वाढतो, हे त्यांना कोण सांगणार? या सगळ्या निवडीत वहिनींनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नीने, एकच अट घातली. त्या म्हणाल्या, “कुठलेही घ्या. फक्त हात लावायला लागू नये असे घ्या.” गुडघे दुखतात म्हणून म्हातारी तसे म्हणते, असे चिरंजीवांना वाटले. मी त्याला तसे वाटू दिले. परंतु त्या अटीचे कारण जाणणारे आता वहिनी आणि मी असे दोघेच उरलो आहोत आणि दोघांचेही वय पाहता ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आमचे घर दाभोळच्या खाडीच्या अंगाला, चढावर. खालच्या बाजारातून वर यायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी आहे आणि तिच्या दोन्ही हातांना घरे. खालच्या टप्प्यावर मुसलमानांचा मोहल्ला, वरच्या टप्प्यावर आमची वाडी. मोहल्ल्यातले आणि वाडीतले निम्मे पुरुष बोटीवर. कोणी मुंबईहून सुटणाऱ्या मालवाहू जहाजांवर, कोणी आखाताकडे, कोणी शिडाच्या मचव्यावर. रॉकेल महाग असल्याने कोणी विनाकारण घराबाहेर दिवा ठेवत नसे. मात्र ज्या घरातला माणूस दर्यावर गेला असेल, त्या घरच्या पडवीत कंदील टांगलेला असे. तो माणूस निघाला त्या संध्याकाळी कंदील बाहेर यायचा, आणि माणूस परत आला की त्याने स्वतःच्या हाताने तो उतरवून, फुंकर मारून घरात न्यायचा. ही रीत दोन्ही टप्प्यांवर सारखीच होती. ती कोणी सुरू केली ते कोणालाच ठाऊक नव्हते. संध्याकाळी पाखाडी चढताना कोणाचा मुलगा दूर आहे आणि कोणाचा घरी आहे, हे न विचारता कळायचे. आणि एखाद्या घरचा कंदील माणूस न येताच दिसेनासा झाला, तर तेही कळायचे. मग त्या घरासमोरून जाताना चपलांचा आवाज होऊ नये म्हणून बायका चपला हातात घेत.

माझा दादा, वसंत, मालवाहू जहाजावर खलाशी होता. तो रजेवर यायचा तेव्हा घराचा वासच बदलायचा. एरवी आमच्याकडे कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी यांचेच राज्य असे. दादा आला की आई चुलीपुढून उठतच नसे. घावन, आंबोळ्या, ओल्या काजूची उसळ, आणि वैशाखात आला तर फणसाच्या रसातली सांदणे. दादाच्या ट्रंकेला मात्र तेलाचा, रंगाचा आणि परक्या साबणाचा वास यायचा. मी ट्रंकेत डोके घालून बसायचो. तो जोरात बोलायचा, कारण इंजिनाच्या आवाजात बोलायची सवय झालेली. आप्पा म्हणायचे, “अरे, हे घर आहे, हळू बोल. पलीकडच्या तीरावरच्या लोकांना आपल्याकडं आज काय शिजलंय ते कळलं.” आप्पांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, बंदरावर दोरखंड आणि जाळ्यांचे दुकान होते. ते स्वतः कधी खाडीच्या तोंडापलीकडे गेले नव्हते.

दादाचे लग्न केळशीच्या मुलीशी झाले. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय चुलीत घालत नसत. लग्नानंतर दादाची रजा थोडीच उरली होती. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, तो वैशाखात, आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या वाडीत वीज आली.

घरात दोन दिवे आणि बाहेर एक, असे ठरले. घरातल्या दिव्यांवरून कोणी चकार शब्द काढला नाही. बाहेरच्या एका दिव्यावरून मात्र आठवडाभर वाद चालला. आप्पांना ट्यूबलाइट हवी होती.

“सरपंचांकडं ट्यूब आहे. सुई पडली तर दिसते.”

“आप्पा, सरपंचांचं घर बाजारात आहे,” दादा म्हणाला. “इथं समोरून खारा वारा. दोन पावसाळ्यांत पट्टी गंजून हातात येईल.”

आई तुळशीपाशी दिवा लावून नुकती आत आली होती. ती म्हणाली, “मला नको बाई ते पांढरं. मढ्यावर पडल्यासारखा उजेड.”

“अगं, दिवेलागणीला तोंडात काय येतं तुझ्या!” आप्पा ओरडले.

आईने झटकन स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि देवापुढे जाऊन हात जोडून आली. आमच्या भागात तिन्हीसांजेला अशुभ बोलत नाहीत. त्या वेळी वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, असे मानतात. एरवी मोकळ्या तोंडाने एकमेकांचे वाभाडे काढणारी आमची वाडी त्या घटकेला इतकी गोड बोलायची की, नवख्याला ती साधूंची वस्ती वाटावी. ही समजूत खरी की खोटी, याचा निवाडा मी करणार नाही. ती पाळली जात असे, एवढीच वस्तुस्थिती मी येथे नमूद करतो, कारण पुढील सर्व गोष्ट तिच्यावर उभी आहे.

वादाचा निकाल दादाने लावला. त्याने ट्रंकेच्या तळातून गोणपाटात गुंडाळलेली एक जड वस्तू काढली. तो जहाजावरचा दिवा होता. पितळी बैठक, जाड काचेचे भांडे आणि त्यावर पितळेचीच जाळी. मोडीत निघालेल्या कुठल्याशा बोटीवरचा, मुंबईच्या भंगार बाजारातून त्याने तो घासाघीस करून आणला होता. “लाटा खाल्लेला आहे हा,” तो म्हणाला. “आपल्या पागोळ्यांना काय भीक घालणार?” आत पिवळा बल्ब बसणार असल्याने आई खूश झाली, पितळ असल्याने आप्पा खूश झाले. मी त्या जाळीला नाक लावून वास घेतला. दादाच्या ट्रंकेचाच वास होता.

बसवायच्या दिवशी दाभोळचा शंकर वायरमन सकाळीच आला. चिऱ्याची भिंत ठिसूळ. खिळा धरत नाही. त्यामुळे आधी छिन्नीने भोक पाडून त्यात लाकडाची गुट्टी ठोकायची आणि मग गुट्टीत स्क्रू पिळायचा. पहिली गुट्टी चिऱ्याचा पापुद्रा घेऊन खाली आली, तेव्हा शंकरने चिऱ्याच्या खाणीला, खाणवाल्याला आणि खाणवाल्याच्या सासऱ्याला शिव्या दिल्या. आई आतून ओरडली, “शंकर, पोरं आहेत घरात!” तो म्हणाला, “पोरांसाठीच देतोय काकी, शिकतील.” दिवा कोणत्या कोनात बसवायचा, असा प्रश्न आला. वहिनी दाराआड सांदणांची ताटली घेऊन उभ्या होत्या. शंकरने शिडीवरून विचारले, “वयनी, उजेड कुठं पाडू सांगा. पायऱ्यांवर की नवऱ्याच्या तोंडावर?”

वहिनी पदराआडून म्हणाल्या, “पायऱ्यांवर. तोंड पाठ आहे.”

शिडी धरून उभा असलेला दादा इतका हसला की शिडी हलली आणि शंकरने त्यालाही त्या खाणवाल्याच्या पंक्तीला बसवले. मला आजही दादा आठवतो तो त्या शिडीपाशी. वहिनी दादाविषयी चारचौघांत बोललेल्या मी ऐकलेले ते पहिले वाक्य. त्यानंतरचे दुसरे मला आठवत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर दादा गेला. त्या संध्याकाळी आईने कंदिलाऐवजी दाराच्या आतल्या अंगाचे बटण दाबले आणि पाखाडीच्या पायऱ्या पिवळ्या झाल्या. पुढे एकेक करून सगळ्याच घरांबाहेर दिवे आले. माणूस घरी असो की दर्यावर, ते लागू लागले, आणि जुनी खूण हळूहळू पुसली गेली. आमच्या घरी मात्र आईने ती मोडू दिली नाही. बाहेरचा दिवा रोज तिन्हीसांजेला वसंतासाठी लागणार, आणि वसंत आला की तो शेवटचा बंद तोच करील, असे तिने ठरवून टाकले होते.

दादा आला नाही. वर्ष उलटायच्या आत कंपनीचे पत्र आले. जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभे असताना सकाळच्या हजेरीस वसंत हजर नव्हता, सबब त्याने जहाज सोडून पलायन केले असे समजण्यात येत आहे, असा त्याचा आशय होता. पत्र इंग्रजीत होते. हेडमास्तरांनी ते वाचून अर्थ सांगितला आणि चहा न घेता निघून गेले. मोहल्ल्यातले इस्माइलचाचा जन्मभर बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून काम करून घरी बसलेले होते. आप्पांनी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बोलावून घेतले. मीही तेथे होतो. चाचांनी तीन वेळा विचारून खात्री करून घेतली की जहाज धक्क्याला नव्हते, बाहेर नांगरावर होते. मग ते म्हणाले, “नांगरावरची बोट सोडून माणूस पळतो कुठं, आप्पा? पाण्यावरनं चालत? वसंता पडला. रात्रीच्या अंधारात पडला, आणि ह्यांना पंचनामा नको, म्हणून पळाला लिवलं.” आप्पा दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले. ही गोष्ट आईला सांगायची नाही, असे तेथेच ठरले.

मी कायद्याच्या वाटेला गेलो तो त्या पत्रामुळे. मृत मनुष्याला पळपुटा ठरवणारे ते एक वाक्य मी मनातल्या मनात इतक्या वेळा खोडले की, खोडण्याचे शिक्षण घ्यावे असे मला वाटू लागले. शाळा संपताच दापोलीत एका वकिलांकडे मी लेखनिक म्हणून राहिलो. तेथे मला कळले की, ज्यांना एखाद्याची वार्ता स्वाभाविकपणे कळली असती, त्यांना ती सात वर्षे कळली नाही, तर कायदा त्या मनुष्यास मृत धरून चालतो. मी वाट पाहू लागलो. आई दिवा लावीत होती आणि मी वर्षे मोजीत होतो, एकाच माणसासाठी.

त्या वर्षांत वहिनींनी काय केले? घर सांभाळले. कुंकू लावले, कारण लावायचे नाही असे कोणी सांगितले नव्हते. मात्र सण आला की हळदीकुंकवाला बोलावणारणी दारापर्यंत यायच्या आणि घोटाळून परत जायच्या. सवाष्ण म्हणून बोलवावे की नाही, याचा उलगडा त्यांना होत नसे. वहिनी आतून ते सर्व पाहत. पुढे त्यांचे बंधू, नाना, केळशीहून आले. तिकडे एक विधुर शाळामास्तर होते, चांगले सालस, मूल नसलेले. कायद्याने वसंतास मृत ठरवले तर विवाह करण्यास त्यांची तयारी होती. आप्पांनी खाली मान घालून होकार दिला. आईला यातले काही सांगितले नाही. वहिनींना काय वाटते, हे विचारण्याचे धाडस मी एके दिवशी विहिरीपाशी केले. त्यांनी पोहरा वर ओढला, कळशी भरली आणि म्हणाल्या, “भावजी, मास्तरांकडं पुस्तकांचं कपाट आहे म्हणे. नाना म्हणत होता, पुढची परीक्षा द्यायला बसवतील.” मग त्यांनी भरलेली कळशी तशीच ठेवून आणखी एक पोहरा काढला, ज्याची गरज नव्हती.

सात वर्षे पुरी होताच आम्ही न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मागवले आणि कंपनीने चौकशीसाठी एक गृहस्थ धाडला. तो सकाळी येणार होता. मी आप्पांना, इस्माइलचाचांना आणि शेजारच्या दोघा वडीलधाऱ्यांना तयार ठेवले होते. आईला त्या दिवशी तिच्या बहिणीकडे पाठवायची योजना होती. परंतु गृहस्थाची बस चुकली, मग घाटात दुसरी बिघडली. दुपारपर्यंत वाट पाहून लोक पांगले. मावशीकडे जाऊन आई परत आली. ऊन कलल्यावर तो पाखाडी चढून, घाम पुसत, अंगणात उभा राहिला. वाईट माणूस नव्हता. दमलेला होता आणि त्याला सकाळची पहिली बस पकडायची होती.

मी पुन्हा माणसे गोळा करेपर्यंत सूर्य खाडीच्या तोंडाशी टेकला. आईने तुळशीपुढे दिवा लावला, देवापुढे लावला आणि शेवटी दाराआडचे बटण दाबले. गृहस्थ अंगणात खुर्चीवर बसून कागद काढीत होता. अंधारात दिसेना म्हणून त्याने खुर्ची ओढून त्या पितळी दिव्याखाली घेतली. आई त्याच्यासमोर येऊन म्हणाली, “दिव्याला नमस्कार करा, साहेब.” त्याने बिचाऱ्याने हात जोडले. कंपनीचा माणूस मुलाची खबर घेऊन आला आहे, असे ती समजत होती.

मी म्हणालो, “साहेब, जबाब उद्या सकाळी घ्या. रात्री आमच्याकडे जेवा, राहा.”

“उद्या सकाळी मी निघणार. आत्ताच घेऊ. चार ओळींचं काम आहे.” मग त्याने प्रथम इस्माइलचाचांना विचारले, “वसंताबद्दल तुम्हाला काय माहिती आहे? तो हयात आहे, असं तुम्हाला वाटतं का?”

चाचांनी दिव्याकडे पाहिले. आईकडे पाहिले. खाली मोहल्ल्यात मगरिबची अजान सुरू झाली होती. ते म्हणाले, “येल की. दर्यावरचा माणूस हाय. इन्शाल्ला येल.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “चाचा, तुम्हीच दुकानात आप्पांना सांगितलं होतं ना? नांगरावरची बोट…”

“गप रे पोरा!” चाचा इतक्या जोराने कधी बोलले नव्हते. “वेळ कुठली, तुज्या आयशीसमोर तू बोलतोस काय?”

शेजारचे दोघेही म्हणाले, येणार. एकाने तर उत्साहाने जोडले की, हा दिवा पाहा साहेब, आमच्याकडे जिवंत माणसासाठीच असा दिवा लावतात, हा सात वर्षांत एक संध्याकाळ लागायचा राहिला नाही. गृहस्थाने मान वर करून दिव्याकडे पाहिले आणि तेही लिहून घेतले. आप्पांना विचारले तेव्हा ते उपरण्याने पुन्हापुन्हा तोंड पुसू लागले. आई म्हणाली, “अहो, बोला की. दिवेलागण आहे. चांगलं बोला.” आप्पा म्हणाले, “येईल.”

शेवटी त्याने दाराकडे पाहून विचारले, “बाई, तुम्ही पत्नी. तुमचं काय म्हणणं आहे?”

वहिनी उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. उजेड त्यांच्या पायांपर्यंत येऊन थांबला होता. प्रश्नाचा अर्थ आणि उत्तराची किंमत त्या अंगणात त्यांच्याइतकी स्वच्छ कोणालाच कळत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी विसरू शकलेलो नाही. मग आईने उंबऱ्यापाशी जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मायेनेच ठेवला, हे मी शपथेवर सांगेन. वहिनी म्हणाल्या, “येतील.”

त्याने कागद पुढे केला. वहिनींनी सुरेख, गोल अक्षरात सही केली.

त्या जबाबांवर आमचा अर्ज निकालात निघाला. कुटुंबीय, शेजारी आणि स्वतः पत्नी सदर इसम हयात असल्याचे सांगतात, पत्नीची तशा जबाबावर सही आहे, सबब त्याची वार्ता त्यांना मिळत असावी, असा तर्क बांधण्यात आला. आशा आणि वार्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे न्यायासनावरच्या विद्वानास कळू नये, याचा संताप मला आजही आवरत नाही. मी अर्ज केले, फेरअर्ज केले, मंत्रालयापर्यंत पत्रे धाडली. एका पत्रात मी स्पष्ट लिहिले होते की, सदर जबाब तिन्हीसांजेच्या वेळी घेतलेले असून त्या वेळी आमच्या भागात कोणीही अशुभ वाक्य उच्चारीत नाही, करिता ते पुराव्यात ग्राह्य धरू नयेत. त्यास उत्तर आले की, कायद्यास अशी कोणतीही वेळ ज्ञात नाही. कायद्याला सूर्योदय ज्ञात आहे, सूर्यास्त ज्ञात आहे, सुटीचे दिवस ज्ञात आहेत. माणसे ज्या घटकेला खरे बोलू शकत नाहीत ती घटका तेवढी ज्ञात नाही!

मास्तर थांबायला तयार होते. त्यांच्या आई तयार नव्हत्या. त्यांनी नानांना विचारले, “जिचा नवरा जिवंत आहे असं तीच लिहून देते, तिला मी सून कशी करून घेऊ?” नानांनी तो प्रश्न माझ्यापुढे आणून ठेवला. माझ्याकडे उत्तर होते, परंतु ते कलमांच्या भाषेत होते. पुढच्या मार्गशीर्षात मास्तरांचे लग्न दुसरीकडे झाले. ती बातमी नानांनी माझ्याजवळ सांगितली आणि मी ती वहिनींजवळ सांगितली. त्या तांदूळ निवडत होत्या. “राहू दे, भावजी,” एवढेच म्हणाल्या.

आप्पा गेले. आईचे गुडघे गेले, मग तिला दारापर्यंत येणे जमेना. दिवेलागणीला ती आतून हाक मारायची, “सूनबाई, वसंताचा दिवा.” आणि वहिनी उठून बटण दाबायच्या. सकाळी त्याच बंद करायच्या. मी दापोलीहून शनिवारी घरी यायचो तेव्हा हे पाहायचो. त्यांचा हात बटणाकडे जाताना चेहऱ्यावर काहीही नसे. पहिल्यांदा माझा समज झाला की त्यांना सवय झाली. आता मला तसे वाटत नाही. ज्या दिव्याने आपले दार बंद केले तो दिवा रोज आपल्याच हाताने लावणे, याची सवय मनुष्यास होत नसावी. पुढे आई गेली, त्या दिवसापासून बाहेरचा दिवा लागला नाही. पाखाडीच्या पायऱ्यांवर अंधार पडतो म्हणून पंचायतीने आमच्या कुंपणाबाहेर खांब उभारला. सदर खांबावरचा दिवा भर दुपारीही जळत असतो आणि त्याबाबतचा माझा पत्रव्यवहार सुरू आहे.

आईच्या मागे दोन वर्षांनी निकाल लागला. मी स्वतः वकिलीची सनद घेतली होती आणि अर्ज नव्याने चालवला होता. वसंत यास मृत मानण्यात येत आहे, असा हुकूम झाला. मी हुकमाची नक्कल घेऊन भर उन्हात पाखाडी चढलो. मला धाप लागली होती आणि खरे सांगायचे तर विजयाची एक उन्मत्त भावनाही होती. जे वाक्य मी शाळकरी वयापासून खोडीत होतो ते आज अधिकृतपणे खोडले गेले होते. वहिनी अंगणात चटईवर कोकमाची साले वाळत घालीत होत्या. त्यांचे केस कानांपाशी पांढरे झालेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

त्यांनी हात पदराला पुसले, कागद घेतला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला. पुन्हा मागचे पान उलटून पाहिले.

“भावजी, ह्यात तारीख नाही.”

“कसली?”

“ते गेले त्याची.”

मी समजावून सांगितले की, कायदा मनुष्य मृत आहे एवढेच गृहीत धरतो, तो केव्हा मृत झाला हे गृहीत धरत नाही. ते स्वतंत्र पुराव्याने शाबीत करावे लागते. मी हे सर्व बरोबर सांगितले. आजही त्यात मला एक शब्द बदलावासा वाटत नाही.

“म्हणजे मी कधीपासून एकटी, ते कुणीच सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. मग चटईवर बसून साले सारखी करू लागल्या. उन्हाने कोकमाचा आंबट वास अंगणभर पसरला होता. मी तेथेच उभा राहिलो. मला आत जाववेना.

थोड्या वेळाने, मान वर न करता, त्यांनी विचारले, “केळशीच्या मास्तरांना मुलं किती हो?”

“तीन,” मी म्हणालो. “थोरली आता कॉलेजात आहे.”

“शिकतेय ना? बरं झालं,” वहिनी म्हणाल्या, आणि एका बाजूने वाळलेली साले एकेक करून उलटी घालू लागल्या.